हातोडीवाले शरणप्पाकाका

शरणप्पाकाकांना जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी मी अजून चारही चाकांना एकेक टोला देतो. त्या आवाजातलं मला काडीचं कळत नाही. नवी पेठेत तीस वर्षं कापड विकलेला माणूस मी. माझा कान फार तर मांजरपाट फाडल्याचा आवाज ओळखतो. पण टोला दिल्याशिवाय किल्ली फिरवायला हात धजत नाही. शेजारच्या रानातले लोक बघून हसतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही.

काका होटगीचे. रेल्वेत त्यांनी सदतीस वर्षं चाकं ठोकली. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक चाकाला टोला द्यायचा आणि नाद ऐकायचा. खणखणीत वाजलं तर चाक शाबूत, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर. शेवटचं चाक झालं की ते हात वर करायचे आणि मग गाडी सुटायची. निवृत्त झाल्यावर लांब हातोडी रेल्वेला परत गेली, सवय मात्र त्यांच्याकडेच राहिली. लोहाराकडून त्यांनी वीतभर दांड्याची एक हातोडी करून घेतली आणि ती नेहरू शर्टाच्या खिशात घालून ते सोलापूरभर हिंडू लागले. धोतर, कपाळाला विभूती, पायात रेल्वेचे जुने काळे बूट, आणि हातोडीच्या वजनाने एका बाजूला ओढलेला शर्ट. दुसऱ्या खिशात पांढरा खडू. ज्या डब्यात खोट सापडेल त्यावर रेल्वेत खडूने खूण करतात आणि त्याला 'सिक' म्हणतात. काकांच्या जगात डबेच नव्हे, माणसं, पंखे, पाण्याच्या टाक्या आणि एकदोन लग्नंसुद्धा सिक होती.

आमची ओळख झाली ती त्यांच्या या सवयीमुळेच. गादीच्या खोळीसाठी मांजरपाट घ्यायला ते दुकानात आले. मी लोखंडी मीटरने कापड मोजत होतो, तर त्यांनी मीटर माझ्या हातातून काढून घेतला, कान तिरका करून त्याला हळूच टोला दिला आणि परत देत म्हणाले, "मालक, तुमचं मीटर सिक हाय." लग्नाचं गिऱ्हाईक समोर बसलेलं. मला राग आला. म्हातारा कापडाचा भाव पाडायला बघतोय असं वाटलं. दहा दिवसांनी तोच मीटर भर दुकानात मधोमध मोडला. पुढच्या खेपेला काका आले तेव्हा मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. चहाच्या कपालाही त्यांनी नखाने वाजवून पाहिलं, मगच तोंडाला लावला.

त्या चहावर मी त्यांना आमच्या जमिनीचं सांगितलं. वळसंगला वडिलांची तीन एकर काळी जमीन होती. वडील गेले, मी दुकानात अडकलो, थोरले बंधू पुण्याला, आणि बारा वर्षांत त्या रानात वेडी बाभूळ अशी माजली की बांध कुठला आणि रान कुठलं ते ओळखू येईना. दादांनी गिऱ्हाईक बघितलं होतं. पडीक ठेवण्यापेक्षा विकलेली बरी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. मीच हट्टाला पेटलो होतो. लहानपणी दरवर्षी वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आम्ही सगळे त्या रानात जायचो. कडब्याच्या कोपीत वडील पाच पांडव मांडायचे, चुन्याने रंगवलेले पाच दगड, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, आंबील. ती जागा दुसऱ्याची झालेली मला बघवणार नव्हती. शेवटी शिमग्याला दादांनी तोड काढली. येत्या वेळ अमावस्येला त्याच रानात, उभ्या पिकात, पांडवांची पूजा करून दाखव. नाही जमलं तर दादा म्हणतील तिथं मी सही करायची. मी हो म्हणून बसलो होतो. हातात साडेनऊ महिने, आणि शेतीतलं ज्ञान एवढंच की ज्वारीची भाकरी होते.

मी काकांना असंही सांगितलं की काळजीचं कारण नाही, लाल रंगाचा मोठा ट्रॅक्टर मी पसंत केलाय, परवा जाऊन पक्का करायचा. त्याच्या टपावर छत्री होती आणि गाणी ऐकायची सोय होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमिनीला इचारलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला वळसंगला घेऊन गेले. बांधाशी बूट काढून ठेवले. ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं, हुंगलं. मग रानाकडे पाठ करून ते वाटेकडे बघत उभे राहिले. आमच्या रानात शिरायची वाट एकच, आणि ती शेजाऱ्याच्या विहिरीचा दगडी कठडा आणि एक जुनी चिंच यांच्या मधून जाते. वडिलांच्या काळी बैलगाडी बाहेरच सुटायची आणि बैल एकामागे एक आत जायचे. चिंच शेजाऱ्याच्या आजीने लावलेली, कठडा त्याच्या बापाने बांधलेला. दोन्हींपैकी एकाही गोष्टीला तो हात लावू देणार नव्हता. काकांनी ती फट मोजली. चार फुटांना दोन बोटं कमी.

"तुमचा सहा फुटाचा लाल ट्रॅक्टर हितनं घेऊन जाणार व्हय?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. बारा वर्षं ही जमीन माझी होती आणि तिचं दार केवढं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

तिथंच त्यांनी एक कळक कापला. दोन्ही बाजूंना पंज्याएवढी जागा सोडून जेवढी रुंदी उरते तेवढी काठी. रेल्वेत बोगद्यातून डबा जाईल का हे बघायला असं माप असतं म्हणे. काठी अडली तर गाडी अडली, इतका सोपा कायदा. पुढचे पंधरा दिवस ही काठी आडवी धरून शरणप्पाकाका आणि त्यांच्या मागे मी अशी आमची वरात शोरूम-शोरूम फिरली. काचेच्या दारातून ती आडवी आत जात नसे. मग दोन्ही दारं उघडायला लावायची, रखवालदार हैराण, आणि काका शांतपणे आत. विक्रेता पोरगा ताकद, ॲव्हरेज, हप्ते यांवर बोलायला लागला की काका काठी मागच्या चाकांवर आडवी धरायचे. चाकं काठीबाहेर आली की विषय संपला. मग म्हणायचे, मागचं अवजार दाखवा. ट्रॅक्टर काठीत बसला तरी रोटाव्हेटर त्याच्यापेक्षा रुंद असतो, हे मला तेव्हा कळलं. माणूस बारीक असून उपयोग नाही, त्याच्या खांद्यावरचं बोचकंही दारातून गेलं पाहिजे.

एका ठिकाणी सगळं जुळलं. काठी बसली, अवजार बसलं. काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच काढून घेतला. इंजिन गरम होतं. आम्ही येण्याआधी कोणीतरी ते सुरू करून ठेवलं होतं, म्हणजे आमच्यासमोर पहिल्या किल्लीला उठावं. काका म्हणाले, आम्ही थांबतो. पूर्ण गार होईपर्यंत ते तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. मी मधे दोनदा चहा घेतला, एकदा दुकानात फोन केला, एकदा घरी फोन केला. गार झाल्यावर तो ट्रॅक्टर चौथ्या किल्लीला उठला. काकांनी खिशातून खडू काढला, आणि मी हात धरेपर्यंत मडगार्डवर 'सिक' असं सुवाच्य अक्षरात लिहून झालं होतं. तिथून आम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं.

जो घेतला तो निळा, ठेंगणा, आमच्या दुकानाच्या काउंटरएवढा उंच. पहिल्या किल्लीला उठला. काकांनी तो अर्धा तास जागेवर चालू ठेवला आणि डोळे मिटून ऐकला. चाकाचे नट ठोकले. खडूने जमिनीवर गोल काढून एका दमात तो वळतो का ते पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बसा. मी बसलो. स्टिअरिंग पोटाला लागलं. काकांनी पोटाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि विक्रेत्याला म्हणाले, "ट्रॅक्टर फिट हाय. डायवर सिक हाय, पन त्यो दुरुस्त हुतोय." त्या उन्हाळ्यात मी सहा किलो उतरलो.

मला वाटलं होतं, आता काका चालवायला शिकवतील. ते तर त्या सीटवर बसायलाही तयार नव्हते. चौकशी केली तेव्हा कळलं की काकांनी आजवर चार गावांतल्या लोकांना ट्रॅक्टर निवडून दिले होते, पण स्वतः आयुष्यात एकही चालवलेला नव्हता. मी हसलो, पण त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते म्हणाले, "गाडी चालवनारा येगळा, गाडी पास करनारा येगळा. पास करनाऱ्यानं चालवाय घेतली की त्याला तिची खोट दिसत न्हाय." दुकानात तीस वर्षं माझाच माल मीच पसंत करून मीच विकत होतो, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलं.

ट्रॅक्टर आला तरी काकांनी तो लगेच रानात घालू दिला नाही. वेड्या बाभळीचा काटा टायरला सोडत नाही. झाडं माणसांनी काढायची, गवत जनावरांनी खायचं, आणि उरलेलं काम ट्रॅक्टरचं, असा त्यांचा क्रम. कोळसा पाडणारी मंडळी त्यांनी आणली. बुंध्याचा कोळसा चांगला होतो म्हणून त्या लोकांनी मुळ्यांसकट सगळं खणून नेलं. मग काकांनी मायाप्पा मेंढपाळाला बोलावलं. मायाप्पाचा कळप होटगीला रुळाकडेला चरायचा, काका त्याला त्याच्या लहानपणापासून ओळखत. चार दिवस मेंढरं आमच्या रानात बसवली. त्यांनी गवत खाल्लं, लेंड्यांचं खत पडलं, आणि तिसऱ्या दिवशी रानातल्या जुन्या लिंबाच्या बुडाशी चुन्याचे पुसट डाग असलेले पाच दगड उघडे पडले. माझ्या वडिलांचे पांडव. मी तिथंच रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. काकांनी पाचही दगडांना एकेक टोला दिला आणि पसंतीची मान डोलावली.

मृग बरसला. मी ट्रॅक्टर शिकलो, बांध तीनदा मोडला, चिंचेची साल एकदा सोलली. आषाढात एका सकाळी आम्ही दोघं रानात गेलो तर तीनही एकरांत बोटाएवढी हिरवी रोपं उगवलेली. मी आनंदाने म्हणालो, काका, बघा काय उगवलंय. काका खाली वाकले, एक रोप उपटलं आणि तळहातावर धरून मला दाखवलं. ती वेडी बाभूळ होती. एक काढली त्या जागी हजार.

कारण त्यांनीच सांगितलं, मला कधी कळलं नसतं. रुळाकडेला वेड्या बाभळीचं रान आहे. मायाप्पाची मेंढरं उन्हाळाभर तिच्याच शेंगा खात होती, आणि तिचं बी पोटातून आलं की आणखी जोराने उगवतं. आठ दिवस कळप दुसरीकडे बांधून, पोट साफ करून, मग रानात बसवायचा असतो. "सदतीस वर्सं त्या रुळावर चाललो मी," ते म्हणाले. "मेंढरं जातील तितं बाबळ उगवती हे डोळ्यानं बघितलं. आन तीच मेंढरं तुमच्या रानात आनली. चूक माजी हाय, मालक. मायाप्पाची न्हाय, पावसाची न्हाय."

मी काहीतरी समजूत घालत होतो, पण ते ऐकायला थांबलेच नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर दारावर, हळदीकुंकवाच्या बोटांखाली, खडूने मोठ्या अक्षरात 'सिक' लिहिलेलं. त्यांच्या पत्नी गौरव्वा दारातच बसून बोलत होत्या. येणारीजाणारी विचारतात घरात कोण आजारी, मी काय सांगू. मला बघून म्हणाल्या, "होगली बिडरी, जाऊ द्या म्हनून मी दोनदा पुसलं. दोनदा परत लिवलं त्यांनी." काका आतून म्हणाले की ज्याने खूण केली त्यानेच ती पुसायची, आणि तीही काम दुरुस्त झाल्यावर. हा रेल्वेचा नियम आहे आणि त्यात बायकोला सूट नाही.

पुढचे तीन महिने हा सत्तरी ओलांडलेला माणूस आठवड्यातून तीनदा होटगीहून वळसंगला येत राहिला. मूळ वीतभर खाली जायच्या आत रोप उलटलं पाहिजे, एवढाच मंत्र. पाऊस उघडला की दोन दिवसांत आमचा ठेंगणा निळा ट्रॅक्टर ओलसर काळ्या रानात शिरायचा. शेजाऱ्यांचे मोठे ट्रॅक्टर तेव्हा रुतायच्या भीतीने दारात उभे असायचे. मी उभं-आडवं कल्टिव्हेटर मारायचो. बांधाच्या कडेला, जिथं अवजार पोचत नाही, तिथं काका खुरपं घेऊन बसायचे. पावसात भिजून दारावरची अक्षरं पुसट झाली की ते घरी जाऊन गिरवायचे. गौरव्वांनी बोलणं सोडून दिलं होतं. उलट एकदा त्यांनीच मला विचारलं, रान किती राहिलंय ते एकदा नीट सांगा, म्हणजे मला दार रंगवायला घेता येईल.

नवरात्रात आम्ही शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरली. पेरताना काका तिफणीमागे अनवाणी चालत होते, आणि मधेच वाकून काहीतरी उपटून खिशात टाकत होते. खिसा रिकामा राहिला असा पहिला दिवस दिवाळीनंतर उगवला. त्या दिवशी त्यांनी मला उलटा खिसा दाखवला.

वेळ अमावस्येला दादा पुण्याहून आले. गाडी चिंचेपाशी अडली, तिथून ते चालत आत आले. शाळू छातीला लागत होता. लिंबाखाली कोपी, कोपीत चुना लावलेले पाच पांडव, समोर भज्जी-उंड्यांचा नैवेद्य. मी आंबील शिंपडत पिकाभोवती फिरलो. दादा एका दगडाकडे बघत होते, ज्याचा एक कोपरा लहानपणी त्यांच्याच हातून फुटला होता. मग ते जेवायला बसले. तीन वेळा भज्जी घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत भाकरीचा तोच तुकडा मोडत बसलो होतो. काका माझ्यापलीकडे मांडी घालून बसलेले; तेही जेवत नव्हते.

दादांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पुढच्या वर्षी आंबील जरा जास्त कर. आज पुरली नाही." एवढंच. गिऱ्हाईकाचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही. काका तेव्हा कुठं भाकरीकडे वळले, आणि मग मात्र असे जेवले की बायकोने पाटी त्यांच्यापुढेच ठेवली.

संध्याकाळी मी त्यांना ट्रॅक्टरवरूनच होटगीला सोडलं. मडगार्डावर बसले, एका हातात ती मापाची काठी, तिच्यावर शाळूची पाच ताटं बांधलेली. वाटेत म्हणाले, इंजिन बराबर बोलतंय. घराशी उतरले आणि आधी गौरव्वांकडून ओलं फडकं मागून घेतलं. दारावरचं 'सिक' त्यांनी घासूनघासून पुसलं. मग खिशातून खडू काढला आणि त्याच जागी 'फिट' असं लिहिलं. अक्षर थोडं वर गेलं होतं. दोन पावलं मागे येऊन त्यांनी ते पाहिलं, हातोडीने चौकटीला एक टोला दिला आणि कान तिरका केला. गौरव्वा म्हणाल्या, आता दार तरी वाजवू नका, हात धुवा.

गल्ली अरुंद होती. खडूच्या गोलात ज्या बेताने वळून दाखवला होता त्याच बेताने ट्रॅक्टर एका दमात वळला. मी निघणार, तेवढ्यात काका पायऱ्या उतरून आले आणि मला थांबवलं. एका बाजूने सुरुवात करून त्यांनी चारही चाकं ठोकली, प्रत्येक टोल्याला थांबून. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. माघात ते झोपेतच गेले. पण त्या संध्याकाळी ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. मी क्लच सोडला.